टोपलींतील पहिलें मूल

इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट फार लवकर कळून चुकते. ज्या गांवानें सारा वेळेवर भरला, ज्या गांवीं दंगा झाला नाहीं, दुष्काळांतहि ज्यानें तगाईसाठीं अर्ज केला नाहीं, त्या गांवाविषयीं सरकारी दप्तरांत चार ओळीहि सांपडत नाहींत. शेजारच्या भांडखोर गांवाचे मात्र रुमालच्या रुमाल भरलेले असतात. पीडा झाली कीं कागद होतो. निमूटपणें चाललेल्या संसारास कागद नाहीं. कुटुंबाचें दप्तर माणसांच्या स्मरणांत असतें, पण तेथेंहि हाच न्याय चालतो. घरांतील जें मूल अशक्त, सदा आजारी किंवा विशेष गुणी निघालें, त्याच्या बालपणाच्या कथा आत्या-मावश्यांना पाठ असतात. जें धडधाकट निघालें, वेळेवर जेवलें, वेळेवर चालूं लागलें, त्याच्याविषयीं विचारलें असतां ‘तुझा कांहीं त्रासच नव्हता’ एवढें एकच वाक्य ऐकूं येतें. तें वाक्य स्तुतीचें खरें. परंतु ज्याच्याविषयीं तें उच्चारलें जातें त्याला तें स्तुतीसारखें लागतेंच असें नाहीं.

या एका वाक्यावर जणूं उभी असलेली एक कादंबरी आम्हीं अलीकडे दुसऱ्यांदा वाचली. तिचें नांव ‘जेकब हॅव आय लव्ह्ड’ आणि लेखिका कॅथरिन पॅटरसन. इ. स. १९८० सालीं ती अमेरिकेंत प्रसिद्ध झाली व पुढल्याच वर्षीं तिला न्यूबेरी पदक मिळालें. अठराव्या शतकांत लंडन येथें जॉन न्यूबेरी नांवाचे मुलांच्या पुस्तकांचे एक प्रसिद्ध विक्रेते होऊन गेले. त्यांच्या नांवाचें हें पदक अमेरिकन ग्रंथपालांची संस्था १९२२ पासून देत आली आहे. मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकास तें मिळत असल्यामुळें आमच्याकडील प्रौढ वाचक त्या यादीकडे सहसा फिरकत नाहींत. आम्हीहि फिरकलों नसतों. पण घरांतील एका मुलीनें हें पुस्तक वाचून दोन दिवस कोणाशीं धड बोलणें केलें नाहीं, तेव्हां त्यांत आहे तरी काय हें पाहणें भाग पडलें.

लेखिकेविषयीं थोडें सांगावयास हवें. पॅटरसनबाईंचा जन्म १९३२ सालीं चीन देशांत झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी. पांच भावंडांत बाईंचा क्रमांक तिसरा, म्हणजे बरोबर मधला. चीन-जपान युद्धामुळें कुटुंबास चीन सोडून अमेरिकेंत यावें लागलें. पुढें बाईंनीं स्वतः जपानांत कांहीं वर्षें मिशनचें काम केलें आणि त्याच पंथाच्या एका धर्मोपदेशकाशीं विवाह केला. म्हणजे जन्म, कार्य आणि संसार हीं तिन्ही ज्या पंथांत गेलीं तो पंथ जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेंतला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

कथा घडते ती चेसापीक उपसागरांतील ‘रास’ नांवाच्या बेटावर. मेरिलंड व व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या मध्यें सुमारें दोनशें मैल आंत घुसलेला हा उपसागर. इ. स. १६०८ मध्यें कॅप्टन जॉन स्मिथ यानें तो होडीनें धुंडाळला व त्याचा नकाशा केला. रास हें बेट नकाशावर नाहीं, तें कल्पित आहे. परंतु स्मिथ आणि टँजिअर हीं बेटें खरीं आहेत, आणि तेथील जीवन ज्यांनीं वाचलें आहे त्यांस रास ओळखूं येतें. उन्हाळ्यांत खेकडे आणि हिवाळ्यांत कालवें, हीच तेथील दोन पिकें. खेकडा कवच टाकण्याच्या बेतांत आला कीं त्याला पाण्यांत तरंगत्या खोक्यांत वेगळा ठेवावयाचा, आणि कवच टाकतांच कांहीं तासांच्या आंत बाहेर काढावयाचा. उशीर झाल्यास नवें कवच कठीण होतें आणि मऊ खेकड्याचा भाव हातचा जातो. म्हणून रात्रीं-अपरात्रीं कंदील घेऊन पाहणी करावी लागते. कालवें लांब दांड्यांच्या चिमट्यांनीं तळांतून उपसावयाचीं. जमीन इतकी थोडी कीं मृतांस घरापुढील अंगणांतच पुरतात, आणि तीहि जमीन समुद्र दर वर्षीं कुरतडून नेतो. याच उपसागरांतील हॉलंड बेटावर एके काळीं चांगलें नांदतें गांव होतें. १९२० च्या सुमारास लोक घरें मोडून, तीं होड्यांवर घालून किनाऱ्यास निघून गेले. मागें राहिलेलें शेवटचें घर २०१० सालीं पाण्यांत कोसळलें.

अशा बेटावर लुईझ आणि कॅरोलिन ब्रॅडशॉ या जुळ्या बहिणी जन्मल्या. लुईझ कांहीं मिनिटांनीं थोरली. ती सुखरूप आली, रडली, श्वास घेऊं लागली. तिच्याकडून कोणास काळजी राहिली नाहीं. मागून आलेली कॅरोलिन निळी पडलेली, श्वास नाहीं अशी. सुईण, आजी, आई-बाप सारे तिच्या भोंवतीं. तिला पुढें किनाऱ्यावरील रुग्णालयांत न्यावें लागलें, आणि लुईझ आजीपाशीं बाटलीच्या दुधावर राहिली. ही कथा घरांत पुनःपुन्हां सांगितली जाते, आणि प्रत्येक वेळीं कॅरोलिनला वांचविण्याचा प्रसंग रंगतो. लुईझ विचारते, त्या वेळीं मी कोठें होतें? कोणासहि नीटसें आठवत नाहीं. आंघोळ घालून, कपडे चढवून, कोणी तरी टोपलींत ठेविलें असेल.

ही टोपली पुस्तकभर लुईझच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. कॅरोलिन सुंदर आहे, तिचा गळा असामान्य आहे. तिच्या गायनाच्या शिक्षणास पैसा हवा, आणि लुईझ खेकडे धरून जें मिळविते त्याचा वाटा त्या घरखर्चांत जातो. लहानपणीं कॅरोलिनला तिचें नांव उच्चारतां येईना म्हणून ‘व्हीझ’ असें विद्रूप टोपणनांव पडलें तें कायमचें. हात खरखरीत झाले म्हणून लुईझ चोरून मलमाची बाटली मागविते, तर तीहि कॅरोलिनच्या हातीं सांपडते. आणि लुईझ ती भिंतीवर आपटते. हे प्रसंग वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक आहेत. पण घरांतील उपेक्षेचा पुरावा असाच चिल्लर असतो. मोठा अन्याय झाला असता तर मनुष्य फिर्याद तरी करता.

येथें आम्हांस आमच्या हरिभाऊंची यमू आठवते. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली. तिचेंहि निवेदन एका मुलीच्याच मुखानें आहे, आणि तिच्या नांवांतच ही तक्रार आहे. परंतु दोघींत भेद मोठा. यमूचा आरोपी रूढि आहे. त्या आरोपीस हुडकून काढतां येतें, त्याच्याविरुद्ध लेख लिहितां येतात, कायदे करतां येतात. लुईझच्या घरीं आरोपी कोणी नाहींच. बाप कष्टाळू आणि शांत. आई शहाणी, बेटावर शिक्षिका म्हणून आलेली. कॅरोलिन थोडी आत्मसंतुष्ट असली तरी दुष्ट नव्हे. एक आजी तेवढी कडवट, पण तिचें डोकें हळूहळू फिरत चाललें आहे. दोष ठेवावयास जागा नसली म्हणजे द्वेष स्वतःकडे वळतो, आणि लुईझचें तसेंच होतें.

बेटावर पन्नास वर्षांनीं परत आलेला वृद्ध कॅप्टन वॉलेस हा तिला आपला वाटूं लागतो. १९४२ च्या वादळांत त्याचें घर समूळ वाहून जातें. पुढें एका आजारी वृद्धेस आधार मिळावा म्हणून तो तिच्याशीं विवाह करितो, ती वारते, तिचा कांहीं पैसा त्याच्या हातीं येतो, आणि तो पैसा तो देतो कोणास, तर बाल्टिमोर येथें संगीत शिकण्यासाठीं कॅरोलिनला! त्याच सुमारास आजी लुईझच्या कानांशीं बायबलांतील एक वचन पुटपुटते. त्या वचनाचा पूर्वार्ध या कादंबरीचें नांव झाला आहे: याकोबावर प्रीति केली. उत्तरार्धांत एसावाच्या वांट्यास प्रीतीच्या उलट जें असतें तें आलें. लुईझ धांवत जाऊन ग्रंथ उघडते. हें कोणा दुष्ट मनुष्याचें बोलणें असेल अशी तिला आशा असते. तिला असें दिसतें कीं, बोलणारा स्वतः देव आहे. त्या दिवसापासून तिची प्रार्थना संपते.

आम्हांस हें प्रकरण या पुस्तकाचें हृदय वाटतें, आणि येथें इतिहासाच्या शिक्षकास थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. तें वचन कोठून कोठें आलें हें पाहण्यासारखें आहे. मूळ कथा उत्पत्तीच्या पुस्तकांतली. इसहाक व रिबका यांना जुळे पुत्र झाले; एसाव थोरला, आणि याकोब त्याची टांच धरून मागून आला. बापाचा लोभ एसावावर, आईचा याकोबावर. एसावानें भुकेच्या भरांत मसुरीच्या कालवणावर थोरलेपणाचा हक्क विकला, आणि पुढें याकोबानें हातांवर करडांचीं कातडीं बांधून आंधळ्या बापाचा आशीर्वादहि लुबाडला. हें सारें होऊन शेंकडों वर्षें लोटल्यावर मलाखी या प्रवक्त्याच्या ग्रंथांत प्रीतीचें आणि अप्रीतीचें तें वचन आलें. तेथें याकोब म्हणजे इस्राएल आणि एसाव म्हणजे अदोम, अशीं दोन राष्ट्रें अभिप्रेत आहेत, दोन अर्भकें नव्हेत. पहिल्या शतकांत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत तें पुन्हां घेतलें. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिननें त्यावरून असा सिद्धान्त बळकट केला कीं, कोणाचा उद्धार व्हावयाचा आणि कोणाचा नाहीं हें ईश्वरानें आधींच ठरविलें आहे. राष्ट्रांविषयींचें वचन अशा रीतीनें एकेका जिवाच्या कपाळीं लिहिलें गेलें.

मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांस हें मुळींच मान्य नव्हतें. १७३९ सालीं ब्रिस्टल येथें त्यांनीं या सिद्धान्तावर जें कडक प्रवचन केलें त्यामुळें त्यांचा जुन्या सहकाऱ्यांशीं बेबनाव झाला. आणि १७५५ सालच्या आपल्या टीपांत तर त्यांनीं याच वचनाचा अर्थ व्यक्तींवरून काढून दोघांच्या वंशजांवर नेऊन ठेविला. आतां मौज अशी कीं, चेसापीकचीं हीं बेटें वेस्लीच्याच पंथाचीं. जोशुआ टॉमस नांवाच्या एका कोळी उपदेशकानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होडींतून बेटोबेटीं हिंडून तो पंथ तेथें रुजविला. १८१४ सालीं इंग्रजांची फौज टँजिअर बेटावर तळ देऊन असतां, तुम्हांस बाल्टिमोर घेतां येणार नाहीं, असें त्यानें तिच्या तोंडावर सांगितलें, अशी त्याची आख्यायिका आहे. बाल्टिमोर पडलें नाहीं, हें तर इतिहासांतच आहे. तेव्हां रास बेटावरील त्या आजीबाईंनीं नातीला जो वाग्बाण मारला तो आपल्याच आचार्यांची टीका न वाचतां मारला. आणि हा प्रश्न रंगविणारी लेखिका मात्र कॅल्व्हिनच्या घरांतली! परक्या पंथाची टर उडविणें सोपें असतें. आपल्याच घरच्या तुळईस हात घालणें अवघड. पॅटरसनबाईंनीं तें केलें, म्हणून त्या प्रकरणास वजन आलें आहे.

आमच्या वाचकांस या ठिकाणीं ध्रुवाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. उत्तानपादाच्या मांडीवर उत्तम बसलेला. पांच वर्षांचा ध्रुव जवळ जातो. सुरुचि त्याला झिडकारते, आणि बाप गप्प राहतो. कीर्तनांत हा प्रसंग आला कीं श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येतें. परंतु ध्रुवास जाण्यास एक दार उघडें होतें. बापानें नाकारलेली मांडी त्याला देवापाशीं मागतां आली, आणि जी मिळाली ती अढळ होती. लुईझ त्याच दाराशीं जाते, तों तें दार आंतून लावलेलें तिला आढळतें. या दोन कथांत मुलाचें दुःख एकच आहे. देवाचें घर मात्र निराळें आहे. जातां जातां आणखी एक सांगतों. तो लाडका उत्तम पुढें शिकारीस गेला असतां हिमालयांत एका यक्षाच्या हातून मारला गेला, असें भागवत सांगतें. तेथें कोणी हरिदास क्षणभरहि थांबत नाहीं. कथा ध्रुवाची आहे ना!

हीच आमची या कादंबरीवरील पहिली तक्रार. येथें कथा लुईझची आहे. कॅरोलिनला स्वतःची बाजू मांडण्यास एक पानहि मिळालेलें नाहीं. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल द्यावयाचा नाहीं, ही आमच्या धंद्याची शिकवण. म्हणून दुसऱ्या वाचनांत आम्हीं ती जबानी उलटतपासणीच्या दृष्टीनें पाहिली. तेव्हां असें दिसून आलें कीं, कॅरोलिन बाल्टिमोरला निघाली असतां आई-बापांनीं लुईझपुढेंहि किनाऱ्यावरील शाळेंत वसतिगृहांत राहून शिकण्याची गोष्ट काढली होती. तीच रागानें नको म्हणाली. बाप तिला आपल्या होडींत घेतो, आपलें काम शिकवितो. बेटावर हा मान मुलीस सहसा मिळत नसे. कॅप्टन तर पुढें स्पष्टच बोलतो: तुझ्या बहिणीस काय हवें तें ठाऊक होतें, तूं तें कधीं कोणास सांगितलेंस काय? म्हणजे प्रेमाचा पुरावा लुईझच्याच जबानींत आहे. तिनें तो नोंदविला, पण हिशेबांत धरला नाहीं. लेखिकेचें कौशल्य कीं तिनें साक्षीदाराकडून खोटें एकहि बोलविलें नाहीं.

मात्र येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. ही उलटतपासणी आम्ही इतक्या उत्साहानें कां करूं लागलों? आमच्या घरीं अशक्त मूल आम्हीच होतों. सातव्या वर्षीं विषमज्वरानें दोन महिने अंथरुणास खिळलों. त्या आजाराची कथा मातोश्रींनीं शेवटपर्यंत सांगितली, आणि ती ऐकण्यास आम्हांसहि बरें वाटे. थोरले बंधु त्याच वर्षीं वार्षिक परीक्षेंत वर्गांत पहिले आले होते. ही गोष्ट आम्हांस सुमारें चाळीस वर्षांनीं, जुनी ट्रंक उपसतांना हातीं लागलेल्या त्यांच्या प्रगतिपुस्तकावरून समजली. त्यावर पालकाची सहीहि नव्हती. बंधूंनीं ती स्वतःच वडिलांच्या वळणांत केली होती. दाखविलें तेव्हां ते हंसले, आणि ‘त्या वेळीं कोणास विचारणार?’ एवढेंच म्हणाले. तेव्हां कॅरोलिनची बाजू आम्ही मांडली तर तींत आमचा स्वार्थ आहे, हें वाचकांनीं जाणून असावें.

युद्धकाळांतील भाग आम्हांस फार आवडला. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका युद्धांत उतरली. बेटावरील तरुण आरमारांत गेले, आणि होडीवर हात उरला नाहीं म्हणून लुईझ बापाबरोबर हिवाळाभर कालवें निवडावयास जाऊं लागली. थंडीनें फुटलेले हात, चिखल, भल्या पहाटेचा अंधार. आणि तरीहि तिच्या आयुष्यांतील हाच काळ सर्वांत समाधानाचा. युद्ध संपतांच तो संपतो. तिचा बालमित्र कॉल परत येतो, आणि लग्न ठरवितो तें कॅरोलिनशीं. लुईझ शिकावयास बाहेर पडते. डॉक्टर व्हावें असें तिच्या मनांत असतें. महाविद्यालयांतील सल्लागार तिला सांगतो कीं, युद्धावरून आलेल्या सैनिकांची रीघ लागली असतां मुलीस वैद्यकीय शाळेंत जागा मिळणें कठीण. तूं परिचारिका हो. १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारनें उचलला होता, आणि महाविद्यालयें खरोखरच भरून गेलीं होतीं. घरांतील टोपली ती हीच. फक्त आतां ती देशाच्या आकाराची झाली.

लुईझ केंटकी येथें शिकून परिचारिका-सुईण होते. हें स्थळ लेखिकेनें उगीच निवडलेलें नाहीं. केंटकीच्या डोंगराळ भागांत मेरी ब्रेकिनरिज या बाईंनीं १९२५ सालीं एक संस्था काढली होती. तिच्या परिचारिका घोड्यावर बसून, ओढे-नाले ओलांडून, झोंपड्यांतून बाळंतपणें करीत. अमेरिकेंत शिकलेली सुईण हा व्यवसाय मुख्यतः तेथून उभा राहिला. निघण्यापूर्वीं मायलेकींचें एक बोलणें होतें. आई म्हणते, तुझी आम्हांस फार उणीव भासेल. लुईझ भीत भीत विचारते, कॅरोलिनपेक्षांहि? आई होय म्हणते. त्या एका होकारानें ती सुटते. इतक्या वर्षांची गांठ इतक्या थोडक्यांत सुटावी हें कित्येकांस पटणार नाहीं. आम्हांस पटलें, कारण तो प्रश्न तिनें त्यापूर्वीं कधीं विचारलाच नव्हता.

शेवटचीं प्रकरणें मात्र घाईनें उरकलीं आहेत. अपलाचिया पर्वतांतील एका खोऱ्यांत जाणें, तेथील एका विधुराशीं व त्याच्या तीन मुलांशीं संसार मांडणें, स्वतःस पुत्र होणें, हें सारें थोड्या पानांत आटोपतें. परंतु त्या घाईंतहि एक हिवाळी रात्र लेखिकेनें सावकाश लिहिली आहे. एका गरीब घरीं लुईझच्या हातून जुळीं मुलें होतात. पहिला मुलगा सहज येतो. दुसरी मुलगी इवलीशी, निळी. लुईझ तिला ऊब देते, तिचा श्वास लावते, तिचें नांव ठेवते. तिच्यावरून नजर हालवीत नाहीं. बऱ्याच वेळानें तिला एकदम आठवतें, आणि ती विचारते कीं दुसरें मूल कोठें आहे. तें टोपलींत निजलेलें असतें. त्याला उचला, जमेल तितका वेळ हातांवर घेऊन बसा, नाहीं तर आईपाशीं द्या, असें ती सांगते. आणि त्या क्षीण मुलीस स्वतःच्या अंगावर पाजावयास घेते.

पुस्तक संपल्यावर आम्हीं पुन्हां पहिलें पान उघडलें. बाप वारला आहे. आई बेटावर एकटी आहे. बर्फ वितळलें कीं जाऊन आईला घेऊन येईन, असें तेथें पहिल्याच वाक्यांत लुईझ सांगते. पहिल्या वाचनाच्या वेळीं तें वाक्य आमच्या लक्षांतहि राहिलें नव्हतें.